पूर्वी तीन पायऱ्या चढून घरात जायचो, आता एक उतरून जातो. हे पाणी निसर्गाचं की रस्त्याचं?

कोकमवाली

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं छोटं शहर, नगरपरिषद आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, माझे दोन अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर पडलेत.

घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं, चिऱ्याचं. पुढे पडवी, मागे थोडं आगर म्हणजे परसातली बाग, आगराला लागून पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, आणि पऱ्या पुढे मोरीतून, म्हणजे रस्त्याखालच्या पाइपांतून, खाडीला. लग्न होऊन आले तेव्हा रस्त्यावरून पडवीत यायला तीन पायऱ्या होत्या. 26 जुलै 2005 ला पाणी दुसऱ्या पायरीला टेकलं आणि मागे गेलं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं त्या दिवशी आमच्या पडवीत घोट्याएवढं आलं, माजघरात नाही. पडवीच्या खांबावर सासऱ्यांनी दोन्ही खुणा खिळ्याने कोरून ठेवल्यात.

यंदा जून-जुलैत तीनदा पाणी आत आलं. ना वादळ, ना टीव्हीवर बातमी. तिसऱ्यांदा रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती पायाला गार लागलं म्हणून. मी खाली चटईवर झोपते. उठून बघते तर स्वयंपाकघरात गुडघ्याखाली वीतभर पाणी, त्यावर चपला फिरतायत. मी आमसुलं, आगळ, फणसपोळी करून विकते. 60 किलो आमसुलं खालच्या फळीवर पोत्यांत होती. गटाराचं पाणी लागलेला खायचा माल कोणाला देणार? सगळी उकिरड्यावर. पिशव्या बंद करायचं मशीन गेलं, फ्रीजची मोटर गेली.

सकाळी आठपर्यंत पाणी ओसरलं. दुपारी तलाठी भाऊ आले, माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताई, पाणी दोन दिवस थांबलं होतं का?" मी म्हटलं, दोन दिवस थांबलं असतं तर मी तुमच्याशी बोलायला उरले असते का? म्हणाले, मग निकषात बसत नाही. नगरपरिषदेत गेले तर तिथलं उत्तर, "अतिवृष्टी झाली, निसर्गापुढे कोण काय करणार." त्या दिवशी आमच्या महसूल मंडळात पाऊस 71 मिलिमीटर. कोकणात जुलैतला 71 मिलिमीटर पाऊस म्हणजे पोरं छत्री विसरून शाळेत जातात तो.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला, बाजूने बंदिस्त गटार झालं. त्याआधी डांबराचे थर तीन वेळा. दर वेळी जुन्यावर नवीन. आज रस्ता माझ्या पडवीपेक्षा एका पायरीने वर आहे. तीन पायऱ्या कुठे गेल्या? रस्त्याच्या पोटात. पूर्वी जांभ्याचं उघडं गटार होतं, गणपतीआधी आम्हीच फावड्याने साफ करायचो. आता वर स्लॅब, झाकणं उचलायला चार गडी लागतात. याच काळात बंदरावर दिवे, बाकडी आणि "आय लव्ह" वाली पाटी झाली. दिवे सुंदर आहेत, खोटं का बोलू.

विचारायचंय ते असं: ती दोन दिवसांची अट खरी आहे का? आणि रस्ता एवढा उंच करायला कुणाची तरी परवानगी लागते की नाही? भरपाई मिळाली तर बरंच, पण मला पुढच्या पावसाळ्याची भीती जास्त आहे.

पेठेतला गाळा

ताई, मी चिपळूणचा. 2021 मध्ये गाळा पूर्ण पाण्याखाली होता, वरच्या मजल्यावर बसून रात्र काढली. म्हणून अनुभवाचं सांगतो.

अट खरी आहे. आपत्ती निधीच्या केंद्राच्या निकषांत कपडे आणि भांड्यांची मदत कधी? घर वाहून गेलं, पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर. रक्कम 2015 ते 2020 च्या निकषात कपड्यांना 1,800 आणि भांड्यांना 2,000, 2022 ते 2026 च्या निकषात 2,500 आणि 2,500. हे निकष मैदानी नद्यांच्या पुराकडे बघून लिहिलेत, तिथे पाणी आठवडाभर हटत नाही. आपल्याकडे डोंगर ते खाडी अंतर केवढं? पाणी बाराएक तासांत येतं, घर धुऊन नेतं आणि ओहोटीबरोबर निघून जातं. कोकणातले बहुतेक पूर या अटीत बसतच नाहीत.

पण राज्य सरकार मोठ्या आपत्तीला वेगळा शासन निर्णय काढून जास्त मदत देतं. 2021 ला आम्हाला कुटुंबामागे दहा हजार मिळाले, दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50 हजार. तेव्हा तलाठ्यांना तोंडी विचारू नका. लेखी विचारा, "यंदाच्या घटनेला कोणता शासन निर्णय लागू आहे, त्याची प्रत द्या." कागद मागितला की "बसत नाही" हे वाक्य जरा अडखळतं.

दुसरं, मालाचा हिशोब. वही, कोकम घेतल्याच्या पावत्या, विक्रीची बिलं असतील तर फोटो काढून मोबाइलबाहेर कुठेतरी ठेवा. माझी वही पाण्यात गेली आणि पंचनाम्यात "अंदाजे" हा शब्द आला. एकदा तो आला की रक्कम खालीच जाते. विमा घेतलात तर पॉलिसीत वादळ-पूर-जलमय हे कलम आहे ना ते बघा. नुसती आगीची घेतली तर पाण्याला उपयोग नाही. मला हे 23 जुलैला कळलं.

मालवणी माणूस

बाय गे, घर धुवची घाई करू नको. आमच्या थंय पाणी ओसारला, आमी घर धुवन काढला, आणि तलाठी दुसऱ्या दिवशी इलो. म्हणता, खंय आसा पाणी? भितीवरची खूण तेवडी ऱ्हवली होती म्हणान निभावला.

निवृत्त शाखा अभियंता

34 वर्षं पाटबंधारे आणि नंतर खारभूमी खात्यात काढली, म्हणून पाण्याच्या बाजूने लिहितो.

ताई, आधी एक सांगा. तिसऱ्या वेळी पाणी आलं त्या रात्री तिथी काय होती?

कोकमवाली

संकष्टीच्या दोन दिवस आधी. उपासाचं सामान आणायचं म्हणून लक्षात आहे.

निवृत्त शाखा अभियंता

म्हणजे पौर्णिमेनंतरची द्वितीया. आपले खारवी म्हणजे मच्छीमार लोक भरतीची वेळ कशी काढतात ते तुम्हाला माहीत असेल, तिथीची पाऊणपट. दोनची पाऊणपट दीड. समुद्रावर दीड वाजता भरती, खाडीत आत यायला अर्धा तास धरा. बरोबर दोन. त्यातून पौर्णिमेनंतरचे हे एक-दोन दिवस उधाणाचे. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलं निम्मं पाणी डोंगराचं आणि निम्मं खाडीचं असणार. पाणी खारट होतं का, बघितलंत?

पूर्वीच्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला उघाडी ठेवतात ती याचसाठी. ओहोटीला फळी आपोआप उघडते, आतलं पाणी बाहेर, भरतीला दाबाने मिटते, खाडी आत येत नाही. तुमचं नवीन गटार खाडीत जिथे पडतं तिथे उघाडी आहे का? माझा अंदाज, नसणार. उघाडीशिवाय गटार म्हणजे खाडीला घरापर्यंत काढून दिलेला रस्ता. बाजारात तयार लोखंडी किंवा रबरी झडपा मिळतात. खर्चाच्या मानाने बंदरावरचे दिवे महाग पडले असतील.

आता मोरीचं गणित, कारण "अतिवृष्टी" या शब्दामागे बरंच काही लपतं. महसूल खात्यात एका मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. मराठवाड्यात तो मोठा पाऊस, रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या वर पडतो. 65 ला काय होणार? 24 तासांत किती पडला यापेक्षा एका तासात किती पडला ते मोरीला कळतं. समजा तुमच्या पऱ्याला 40 हेक्टर डोंगर उतरतो आणि तासाला 60 मिलिमीटर पडतो. त्यातला 60 टक्के जरी वाहून आला तरी सेकंदाला 4 घनमीटर, म्हणजे 4,000 लिटर. 900 मिलिमीटरचा एक सिमेंट पाइप, पाणी सेकंदाला दोन मीटर धावतंय असं धरलं तर, सव्वा घनमीटर काढतो. म्हणजे तीन पाइप भरून वाहिले तरी थोडं उरतंच, आणि तेही खाडी उतरलेली असताना. तुमच्या मोरीला किती पाइप आहेत, आणि किती मिलिमीटरचे, हे टेपने मोजा. बाहेरच्या तोंडाशी 900 आणि आत 600 असले प्रकार मी पाहिलेत. 600 चा पाइप 900 च्या निम्म्याहूनही कमी पाणी काढतो.

रस्त्याच्या उंचीबद्दल. वस्तीत काँक्रीट टाकताना जुना थर खोदून काढायचा आणि घरांच्या जोत्यांची पातळी आधी नोंदवायची, ही साधी शिस्त आहे. अंदाजपत्रकात खोदकामाची बाब बहुतेक असते. ती प्रत्यक्षात झाली का, हे मोजमाप पुस्तकात कळेल. माहिती अधिकारात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची पानं आणि अंतिम देयक, एवढंच मागा. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, तिथेच अर्ज अडकतो. त्यापेक्षा "कागदपत्रांची पाहणी करायची आहे" असं लिहून स्वतः जा. पहिला तास फुकट असतो.

आगरातला

सगळे नगरपरिषदेवर तुटून पडलेत. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, भराव घालून इमारती कोणी उठवल्या? बाहेरून कोणी आलं नाही, आपल्याच लोकांनी जागा विकल्या. उधाणाचं पाणी पूर्वी खाजणात पसरायचं, आता तिथे सदनिका आहेत. पाण्याने जायचं कुठे? वर आणि परसातला पऱ्या पाइपात कोंबून त्यावर गाडी लावायची. मग पाणी आलं की पंचनामा!

कोकमवाली

आगरातला भाऊ, बोललात ते लागलं, पण खोटं नाही. खालच्या खाजणातले आठ गुंठे माझ्याच दिरांनी विकले, मुलीच्या शिक्षणासाठी. तिथे आता चार मजले आहेत. सही करायला मीही गेले होते, चहा पिऊन आले. तेव्हा पाणी कुठे जाईल हा विचार माझ्या डोक्यात आला नाही, आज दर उधाणाला येतो.

पण तरी विचारते. त्या चार मजल्यांचा नकाशा मंजूर करणारं आणि रस्ता वर उचलणारं कार्यालय एकच ना? मी गुन्हेगार असेन तर एकटी नाही.

आणि अभियंता काका, पाणी खारट होतं. फ्रीजच्या खालच्या पत्र्यावर दोन दिवसांनी पांढरं मीठ फुललं, तेव्हा कळलं.

माजी नगरसेवक

मी दुसऱ्या शहरात एक टर्म होतो, पैशाची बाजू सांगतो.

लोकांना वाटतं पैसे नाहीत. पैसे असतात, पण प्रत्येक पैशाच्या गळ्यात पाटी असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) निधीतला 60 टक्के भाग बंधित होता, पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठी. सुशोभीकरणाला वैशिष्ट्यपूर्ण कामांचं विशेष अनुदान येतं, ते मुंबईतून कोणाच्या तरी पत्रावर येतं. रस्त्यांना जिल्हा नियोजन समिती किंवा राज्याची नगरोत्थान योजना. हे बहुतेक नवीन कामाला. जुनी मोरी मोठी करा, गाळ काढा, झाकण बदला, ही "दुरुस्ती". ती घरपट्टीतून आलेल्या स्वतःच्या निधीतून करायची, आणि त्यातून आधी पगार, वीज, पाणी योजनेचा पंप. मागे उरतं ते मे महिन्यातल्या नालेसफाईला. त्या नालेसफाईचं बिलही आमच्याकडे लांबीवर निघायचं, इतके मीटर नाला साफ. गाळ किती निघाला आणि कुठे टाकला, हे विचारणारा मी एकटा होतो, म्हणून एकच टर्म झालो. शिवाय मोरीची फीत कापायला खाली पऱ्यात उतरावं लागतं.

तुमचं काम झालं तेव्हा निवडून आलेली मंडळी नव्हती, प्रशासक होते असं धरतो. बहुतेक ठिकाणी तसंच होतं. तेव्हा नगरसेवकाला शिव्या देण्यात अर्थ नाही, ठराव बघा. आणि पुढच्या अंदाजपत्रकात मोरीचा स्वतंत्र लेखाशीर्ष हवा असेल तर जानेवारीतच लेखी द्या, गल्लीतल्या सह्यांसह. मार्चमध्ये गेलात तर सगळे आकडे बसलेले असतात.

पेठेतला गाळा

माजी साहेबांच्या गाळाच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून लोकांना त्या डिसेंबरात साखळी उपोषणाला बसावं लागलं, मग यंत्रं आली. कोयना धरणाचं, वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणाहून शेवटी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे धरणातून किती सोडलं यावर भांडण झालं, अजून होतं. पण उपोषणाला बसलेल्यांनी धरणावर न थांबता गाळाचा मुद्दा धरला आणि तो हातात आला. ताई, तुम्हीही एकच मुद्दा धरा.

कोकमवाली

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, मध्ये गणपती आले.

10 रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज केला, पाहणीला बोलावलं. सोबत भाचा आला, तो बांधकामावर मिस्त्री आहे. तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, फाइल दिली, पंखाही लावला. मोजमाप पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आमच्या दुधाच्या वहीसारखंच दिसतं, फक्त जाड.

मोरीची बाब अंदाजपत्रकात आहेच नाही. मोरीला हातच लावलेला नाही. जुनी आहे तीच, दोन पाइप, भाच्याने टेप लावली, 600 चे. त्यातला एक अर्धा गाळाने भरलेला. उघाडी नाही.

पण पान 14 वर एक ओळ होती: "अस्तित्वातील रस्त्याचा पृष्ठभाग खोदून काढणे व मलबा वाहून नेणे. लांबी 210 मीटर, रुंदी 3.5 मीटर, खोली 0.25 मीटर." एकूण 183.75 घनमीटर. पुढे दर, पुढे रक्कम, खाली सही. देयक निघालेलं.

भाच्याने तिथेच मोबाइलवर गुणाकार-भागाकार केला. म्हणाला, "मामी, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हे 65 ब्रास होतात. ट्रकमागे दोन-अडीच ब्रास धरला तरी पंचवीस-तीस खेपा." आमच्या गल्लीत नवीन कुत्रं आलं तरी सगळ्यांना कळतं. पंचवीस ट्रक मलबा गेला आणि कोणालाच दिसला नाही?

पानाचा फोटो काढू देत नव्हत्या, मग प्रत मागितली. दोन रुपये पान.

निवृत्त शाखा अभियंता

शाब्बास. आता घाईत आरोप करू नका, आधी पातळी सिद्ध करा. भाच्याला सांगा, मिस्त्रीची पाण्याची नळी घ्यायची. एक टोक तुमच्या पडवीवर, दुसरं रस्त्याच्या मध्यावर, फरक कागदावर. गल्लीतल्या प्रत्येक जुन्या घरी असंच, घरमालकाची सही घ्या. रस्ता 25 सेंटिमीटर खोदून तेवढ्याच जाडीचा परत केला असेल तर पातळी जिथल्या तिथे राहायला हवी होती. पण "आधी" चा पुरावा लागेल. काम होण्यापूर्वीचा एखादा फोटो, ज्यात पायरी दिसते?

मोरीचा अर्ज वेगळा ठेवा, दोन्ही एकत्र केलेत तर मोरी मागे पडेल. जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मोरी आणि उघाडी एवढंच न्या. खाडीच्या तोंडाशी कांदळवन असेल तर तिथे यंत्र न्यायला परवानग्या लागतात, त्यात महिने जातात. आत्ता अर्ज केलात तर पुढच्या जूनला काहीतरी दिसेल.

आगरातला

फोटो माझ्याकडे निघेल. आमच्याकडे दर वर्षी गणपती घरात घेताना पायरीवर थांबवून पायावर पाणी घालतात, तो फोटो असतोच. तुमच्या गल्लीतही सगळ्यांकडे असेल.

कोकमवाली

भाऊ, डोकं लढवलंत! काल रात्री सगळी गल्ली जुने फोटो शोधत बसली होती. अकरा घरांपैकी सात घरांत सापडले. आमचा 2016 चा आहे: माझे मिस्टर पाटावर गणपती घेऊन उभे, एक पाय रस्त्यावर, एक पहिल्या पायरीवर, आणि वर दोन पायऱ्या स्वच्छ दिसतायत. तिसऱ्या पायरीवर सासूबाई तांब्या घेऊन. समोरच्या काकूंचा 2022 चा आहे, म्हणजे काँक्रीटच्या अगदी आधीचा, त्यात रस्ता आणि त्यांची पडवी एका पातळीत.

शनिवारी भाचा नळी घेऊन येतोय. सह्यांचा कागद मी शाळेच्या वहीच्या पानावर आखलाय: घर, तेव्हाच्या पायऱ्या, आताच्या पायऱ्या, फरक. काकूंनी पूर्ण अल्बम दिलाय, पण त्यात त्यांच्या मुलाच्या लग्नाचेही फोटो आहेत, म्हणून कोणतं पान दिलं आणि कोणतं परत हवं याची यादी त्यांनी मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली आहे, माझ्या सहीने.